वाढत्या पोरांच्या मणक्याला ‘सुट्टीत बघू’ म्हणू नका

मुंबईतल्या सार्वजनिक रुग्णालयांचे अस्थिरोग विभागप्रमुख, मणक्याचे सर्जन आणि शालेय आरोग्य तपासणीचे अधिकारी यांना,

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त परिचारिका. नोकरीची बहुतेक वर्षं मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या ऑर्थो वॉर्डात गेली, मधली काही त्याच विभागाच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात. आपल्यापैकी काहीजण रेसिडेंट होते तेव्हा रात्री तीनला त्यांना वॉर्डातला चहा पाजलेला आहे. त्या हक्काने लिहिते. स्क्रू कुठे घालायचा हे मी सांगणार नाही. पण यादी कशी बनते, तारीख कशी पुढे जाते आणि पुढे गेलेल्या तारखेचं त्या पोराच्या पाठीवर काय होतं, हे वॉर्डातल्या सिस्टरला रोज दिसतं.

मागणी छोटी आहे. वाढत्या वयातल्या स्कोलिओसिसच्या, म्हणजे कण्याला बाजूला बाक आलेल्या, मुलांना ऑपरेशनची तारीख देताना कॉब अँगल, म्हणजे तो बाक किती डिग्रीचा आहे, हे बघता, तशी त्यांची वाढ किती शिल्लक आहे तेही बघा, रजिस्टरात लिहा आणि त्यावरून क्रम लावा.

आपल्या बोलीत ही ‘कोल्ड केस’. थांबली तरी चालेल अशी. लोकलमधून पडलेला माणूस आला, फुटलेला खुबा आला, की ओटीचं टेबल त्याला जातं, आणि ते जायलाच हवं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. गुडघा बदलायचा असलेल्या आजोबांना चार महिने जास्त थांबावं लागलं तर त्यांना दुखतं, त्रास होतो, पण चार महिन्यांनी ऑपरेशन तेच असतं. बारा वर्षांच्या मुलीचं तसं नाही. ती थांबलेल्या काळात वाढते, आणि तिच्याबरोबर तिचा बाकही वाढतो. तारीख येते तेव्हा सुरुवातीला ठरवलेलं ऑपरेशन कधी कधी तिच्या कामाचंच राहिलेलं नसतं.

समजा दोन मुली आहेत. दोघींची वक्रता ५० डिग्री. एक १६ वर्षांची, पाळी सुरू होऊन तीन वर्षं झालेली, हाडांची वाढ संपलेली. दुसरी १२ वर्षांची, पाळी अजून आलेली नाही. अमेरिकेत आयोवाला अशा रुग्णांचा ४० वर्षं पाठपुरावा झाला. त्यातून जे कळलं ते आपण सगळे शिकवता: वाढ संपल्यावर ५० डिग्रीच्या पुढचा छातीतला बाक बऱ्याच जणांत वर्षाला साधारण एखाद डिग्रीने सरकत राहतो. म्हणजे थोरलीने दहावीची परीक्षा शांतपणे द्यावी, निकाल घ्यावा, अकरावीचा प्रवेश उरकावा आणि मग ॲडमिट व्हावं. तिचं काही बिघडत नाही. धाकटीची मात्र जोराची वाढ अजून व्हायची आहे, आणि त्या टप्प्यात वर्षाला १० डिग्री आणि त्याहून जास्त वाढलेले बाक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. रजिस्टरात या दोघी एकाखाली एक असतात, ज्या तारखेला केसपेपर निघाला त्या क्रमाने. वर धाकटीच्या आईला ओपीडीत सांगितलं जातं, ‘अजून लहान आहे, जरा मोठी होऊ दे.’ आणि थोरलीच्या घरचे घाबरून बोर्डाचं वर्ष सोडायला निघालेले असतात. दोन्हीकडे उलटं.

‘सुट्टीत बघू’ हे वाक्य पालक म्हणतात, आपणही म्हणता. शाळा बुडू नये ही काळजी खरी आहे. पण मे महिन्यात ओटीची यादी काय होते ते मी पाहिलंय: निम्मा स्टाफ गावी, आणि सगळ्यांची पोरं त्याच पाच आठवड्यांत बसवायची. मग अर्ध्यांना दिवाळी सांगितली जाते. दिवाळीत पुन्हा तेच.

वाढ किती उरली हे कळायला फार मोठं यंत्र लागत नाही. कंबरेच्या हाडाच्या कडेवरची रिसर खूण त्याच एक्स-रेत दिसते. डाव्या हाताचा एक एक्स-रे काढला की बोटांच्या पेरांवरून सँडर्सचा टप्पा कळतो, आणि तो रिसरपेक्षा आधी बोलतो, कारण जोराची वाढ बहुतेक रिसर शून्यातच, म्हणजे ती खूण उमटण्याआधीच, होऊन जाते. आणि मुलींच्या बाबतीत एक प्रश्न: पाळी आली का, कधी आली.

हाच प्रश्न राहतो. ओपीडीतलं टेबल, भोवती पाच-सहा रेसिडेंट, बहुतेक मुलगेच, समोर मुलगी, शेजारी वडील. कोण विचारणार? केसपेपरवर लिहिलं जातं, ‘स्त्री, १२ वर्षे, कॉब ४६, राउंड घ्यावा’. बस. मग आई वॉर्डात येऊन माझ्या टेबलापाशी रेंगाळते, चादर मागायच्या निमित्ताने, आणि हळूच सांगते की अजून ‘सुरू’ नाही झालं, त्याने काही फरक पडतो का. ताई, त्यानेच तर फरक पडतो! हा प्रश्न विचारायचं काम ओपीडीतल्या सिस्टरला नेमून द्या. पडद्यामागे एक मिनिट लागतं.

आता पर्यायांबद्दल, कारण पालक हल्ली मोबाईलवर व्हिडिओ दाखवत येतात आणि ‘हे आमच्या मुलीला चालेल का’ असं विचारतात. त्याचं उत्तर वाढीवरच ठरतं.

ऑपरेशनच्या आधीचा पर्याय बेल्ट, म्हणजे ब्रेस. वक्रता साधारण २५ ते ४० डिग्री आणि वाढ शिल्लक असेल तर. २०१३ मध्ये अमेरिका आणि कॅनडामधला जो मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात ब्रेस घातलेल्या ७२ टक्के मुलांची वक्रता वाढ संपेपर्यंत ५० डिग्रीच्या आत राहिली, न घातलेल्यांत ४८ टक्के. ज्यांनी दिवसाला सरासरी १३ तासांच्या आसपास किंवा जास्त घातला त्यांच्यात हे प्रमाण ९० टक्के किंवा थोडं वरच होतं. पण १३ तास म्हणजे मुंबईत काय ते विचारा. ऑक्टोबरच्या उकाड्यात प्लास्टिकचं कवच, आत भिजलेला बनियन, वरून शाळेचा गणवेश, आणि तसं करी रोड ते घाटकोपर गर्दीत उभं राहायचं. पोरं काढून दप्तरात टाकतात. त्यांच्यावर ओरडून उपयोग नाही. दुपारी अभ्यासाला बसल्यावर आणि रात्री झोपताना मिळून तास भरून निघतात का, हे आईबरोबर बसून मांडावं लागतं. ते काम आम्ही सिस्टर आणि फिजिओ करू शकतो. हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत ऑर्थोटिस्ट, म्हणजे ब्रेस बनवणारे तज्ज्ञ, आहेत; ब्रेसचं माप, दुरुस्ती, वाढीप्रमाणे नवा ब्रेस यासाठी तिथे वेळेत पाठवलं तर काही मुलं आपल्या ओटीच्या यादीत येणारच नाहीत. ब्रेसने आधीचा बाक सरळ होत नाही, तो आहे तिथे थोपवायचा असतो, हे सुरुवातीलाच सांगा. नाहीतर सहा महिन्यांनी एक्स-रेत तीच डिग्री बघून आई म्हणते, ‘फुकट गेलं सगळं’, आणि बेल्ट माळ्यावर जातो.

दहा वर्षांच्या आतल्या पोरांचे लांबणारे रॉड, चुंबकाने वाढवायचे रॉड, हा वेगळा विषय. त्यावर इथे लिहीत नाही.

व्हिडिओंमध्ये असतं ते टेदरिंगचं. बाकाच्या फुगलेल्या बाजूने, छातीतून दुर्बिणीने जाऊन, मणक्यांमध्ये स्क्रू बसवतात आणि त्यांतून एक पॉलिमरची दोरी ताणून बांधतात. परकराची नाडी एका बाजूने ओढावी तशी ती बाजू आवळली जाते, त्या बाजूची वाढ मंदावते, दुसरी बाजू वाढत राहते आणि कणा हळूहळू सरळ होतो. मणके एकमेकांना जोडले जात नाहीत, म्हणून वाकता येतं. ऐकायला फार छान. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणांच्या नियामकाने, ऑगस्ट २०१९ मध्ये याला मान्यता दिली, पण मर्यादित स्वरूपाची, आणि तीही हाडांची वाढ शिल्लक असलेल्या, ३० ते ६५ डिग्री वक्रतेच्या मुलांसाठी. दोरी तुटते. कधी वाढ जास्त उरलेली असते आणि बाक उलट्या बाजूला जातो. पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण नेहमीच्या फ्यूजनपेक्षा, म्हणजे मणके एकमेकांना जोडून टाकण्याच्या ऑपरेशनपेक्षा, जास्त आहे. शिवाय हे ऑपरेशन वाढीच्याच जोरावर चालतं. वाढ संपलेल्या मुलीला ती दोरी काही देत नाही. म्हणजे हा पर्याय वर्ष-दीड वर्षाच्या फटीतला. त्या फटीत मुलगी आपल्या रजिस्टरात नंबर लावून बसलेली असेल, तर तिचा हा पर्याय कुणी न ठरवताच गेला. माझं स्वतःचं मत विचाराल तर सगळ्यांनी टेदरिंगच्या मागे लागावं असं मला वाटत नाही. पंचवीस वर्षांनी त्या दोरीचं काय होतं हे सांगायला अजून कोणी तेवढं जुनं झालेलं नाही. पण ‘हा पर्याय होता, तुमच्या मुलीला या कारणाने बसत नाही’ एवढं ऐकण्याचा हक्क धारावीतल्या आईलाही आहे, फक्त नेपियन सी रोडच्या आईलाच नाही.

राहिलं फ्यूजन, आणि बहुतेकांसाठी तेच. टेक्सासमधल्या पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओच्या मुलांचे वाकडे कणे सरळ करायला स्टीलचा रॉड काढला आणि १९६२ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. त्या काळी रॉड घातल्यावरही मुलं महिनोन्‌महिने प्लास्टरच्या जॅकेटमध्ये असत. आमच्या वरिष्ठ सिस्टर त्या प्लास्टरच्या आत पेन्सिलने खाजवणाऱ्या पोरांच्या गोष्टी सांगायच्या. आता मणक्याच्या दोन्ही बाजूंनी पेडिकल स्क्रू जातात, त्यात रॉड बसतो, मुख्य बाक साधारण ६० ते ७० टक्के सरळ होतो आणि मुलगी एक-दोन दिवसांत उभी राहते. प्लास्टर नाही. साधारण आठवड्यात घरी, महिना-दीड महिन्यात शाळा.

पालकांना वाटतं रॉडने पाठ सरळ राहते. रॉड फक्त हाडं जुळेपर्यंतचा आधार आहे. मधले सांधे खरवडून, हाडाचे तुकडे पसरून जे एकसंध हाड तयार व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं, तो खरा इलाज. म्हणून तर तीन महिन्यांनी ‘बरं वाटतंय’ म्हणत गोविंदा पथकात जाणाऱ्या पोराला अडवावं लागतं. (‘सिस्टर, खालच्या थराला उभा राहिलो तर?’ नाही. खालच्या थराला तर नाहीच नाही.)

उशिराचा सगळ्यात मोठा फटका फ्यूजनमध्येच बसतो. बाक लवचीक असताना कमी मणके जोडून भागतं. तो वाढला, कडक झाला, कंबरेतला बाकही त्याच्यामागे गेला, की सर्जनला मणके जोडत खाली कंबरेत उतरावं लागतं. तिसऱ्या कमरेच्या मणक्यावर थांबणं आणि चौथ्यावर थांबणं यात फरक किती, हे आपण मला सांगायचं. मी एवढं पाहिलंय की जिची कंबर मोकळी राहिली ती पुढच्या तपासणीला जमिनीवर मांडी घालून बसून दाखवते, आणि जिची खालपर्यंत जोडली ती खुर्ची शोधते. ९०-१०० डिग्रीवर गेलेली पोरं कोकणातून, मराठवाड्यातून येतात, परळच्या फुटपाथवर नातेवाईक मुक्काम टाकतात, आणि मग डोक्याला रिंग लावून काही आठवडे ट्रॅक्शन, हाड कापून सरळ करणं, रक्ताच्या बाटल्या, आयसीयूची खाट. फुफ्फुसाची क्षमता आधीच घसरलेली, म्हणून भूलतज्ज्ञ फिटनेस देईनात. यातली कित्येक पोरं तीन वर्षांपूर्वी साध्या ऑपरेशनची होती.

‘उंची खुंटेल’ ही दुसरी भीती, आणि तिच्यापायी लोक मोठं होण्याची वाट बघतात. यासाठी आपल्याकडे एक जुनं गणित आहे: जोडलेले मणके, गुणिले वाढीची उरलेली वर्षं, गुणिले ०.०७, आणि उत्तर सेंटिमीटरमध्ये. दहा मणके आणि दोन वर्षं धरली तर दीड सेंटिमीटरही होत नाही. उलट मोठा बाक सरळ झाल्यावर टेबलावरच त्याहून जास्त उंची मिळते. हे गणित पालकांसमोर कागदावर करून दाखवा. मी दाखवलंय. कागद घडी घालून पाकिटात ठेवतात ते.

दुसऱ्या टोकाची काळजीही सांगायला हवी. फारच लहान, खुब्याच्या सांध्यातली वाढ अजून उघडी असलेल्या मुलाचं फक्त मागून फ्यूजन केलं तर पुढची बाजू वाढत राहून कणा पिळू शकतो. क्रँकशाफ्ट म्हणतात त्याला, फ्रान्सच्या दुबुसे यांनी १९८९ मध्ये मांडलेलं. आताच्या स्क्रूंनी ते कमी झालंय, पण ‘लवकर म्हणजे चांगलं’ असंही सरसकट नाही. म्हणूनच म्हणते, वाढ लिहा. घाई करा असं माझं म्हणणंच नाही.

लकव्याच्या भीतीबद्दल थोडं. साध्या, कारण न सापडणाऱ्या किशोरवयीन स्कोलिओसिसमध्ये मज्जातंतूला इजा होण्याचं प्रमाण शंभरात एकापेक्षा कमी आहे, आणि नर्व्ह मॉनिटरिंगमुळे, म्हणजे ऑपरेशन चालू असताना मज्जातंतूंवर मशीनने ठेवलेल्या नजरेमुळे, धोका टेबलावरच कळतो. मशीन बंद असेल, तंत्रज्ञ आला नसेल, तर जुनी वेक-अप टेस्ट: मधेच भूल हलकी करून पेशंटला पाय हलवायला सांगायचं. त्याची तालीम आम्ही आदल्या संध्याकाळी वॉर्डात घ्यायचो. ‘उद्या झोपेत कोणीतरी तुझं नाव घेईल आणि म्हणेल पाय हलव. डोळे उघडायचे नाहीत, उठायचं नाही, फक्त अंगठा हलवायचा.’ पोरं रात्रभर अंगठे हलवत बसायची. पण मुद्दा असा की मॉनिटरिंगचा तंत्रज्ञ नाही म्हणून केस रद्द होणं मी अनेकदा पाहिलंय, आणि रद्द झालेली केस पुन्हा यादीच्या तळाशी जाते. भूल नाही, इम्प्लांट आलं नाही, रक्त नाही, आयसीयूत खाट नाही: कारण काहीही असो, नंबर तळाशी. हे बदला. वाढ शिल्लक असलेल्या मुलाची केस रद्द झाली तर त्याला पुढच्या यादीत पहिलं टेबल द्या.

आणि थांबलेल्या मुलांचा एक्स-रे दर चार ते सहा महिन्यांनी पुन्हा काढा. उभं राहून, पूर्ण कण्याचा, एका फिल्मवर, पाठीकडून, म्हणजे छातीला किरण कमी लागतात. शक्यतो त्याच माणसाने मोजावा. दोन डॉक्टरांच्या मोजणीत तीन ते पाच डिग्रीचा फरक पडतोच. ४६ चे ४९ झाले म्हणून घाबरवू नका आणि ४६ चे ५५ झाले तर ‘बघू’ म्हणू नका. छातीतला बाक डावीकडे असेल, पाठ खूप दुखत असेल, पायात काही फरक असेल, तर एमआरआयशिवाय यादीत घालू नका, हे आपल्याला मी काय सांगणार.

आता शालेय आरोग्याच्या साहेबांना आणि मॅडमना. मूल रुग्णालयात ५० डिग्रीवर पहिल्यांदा येतं याचं कारण आधी कोणी त्याची पाठ उघडी बघितलेली नसते. दहा वर्षांनंतर मुलगी स्वतःची अंघोळ स्वतः करते, आईला पाठ दिसत नाही. शिंपी सांगतो, ‘एक खांदा उतरलाय, ब्लाउज बसत नाही.’ खरंच, काही केसेस शिंप्यांनी पकडलेल्या आहेत. मग हाडवैद्याकडे मालिश, दप्तराला दोष, ‘नीट बस’ म्हणून धपाटे. दप्तराने किंवा वाकडं बसण्याने हा बाक येत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्या शेजारच्या पालघरमधूनच सुरू झाला. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तीसेक बाबी तो बघतो. वाकडं पाऊल आहे, खुब्याचा सांधा आहे, दात आहेत, पाठीचा बाक नाही. आपल्या शाळांच्या तपासणीत वजन, उंची, डोळे, दात होतं. त्यात पुढे वाकून बघण्याची तपासणी घाला. मूल दोन्ही हात जोडून कंबरेतून वाकतं, मागून बघायचं, एका बाजूच्या बरगड्या वर आलेल्या दिसतात का. अर्धा मिनिट. पाचवी आणि सातवीच्या मुली, आठवीचे मुलगे. मुलींची तपासणी बाईनेच करायची, पडदा लावून, एका वेळी एक. वर्गासमोर रांगेत वाकायला लावलंत तर पुढच्या वर्षी त्या दिवशी निम्म्या मुली गैरहजर राहतील.

याला विरोध आहे हे मला ठाऊक आहे. ब्रिटन शाळांत अशी तपासणी करत नाही. अमेरिकेच्या तज्ज्ञ गटाने २०१८ मध्ये म्हटलं की बाजूने किंवा विरोधात निर्णय द्यायला पुरावा पुरेसा नाही, तर तिथल्याच हाडांच्या आणि मुलांच्या डॉक्टरांच्या संघटना मुलींची १० आणि १२ व्या वर्षी, मुलांची १३-१४ व्या वर्षी तपासणी करा म्हणतात. आक्षेप खोटा नाही: शंका आलेल्या प्रत्येकाला एक्स-रेला पाठवलं तर गर्दी होईल, फुकट किरण लागतील. म्हणून पाठीवर ठेवून झुकाव मोजायचं स्कोलिओमीटर वापरा आणि ५ ते ७ डिग्रीच्या वर झुकाव असेल त्यांनाच पुढे पाठवा. ब्रिटनच्या मुलाला फॅमिली डॉक्टर असतो. मानखुर्दच्या मुलाला केमिस्ट असतो.

पैशांचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. आमच्या वॉर्डातल्या बहुतेक पालकांना हे ॲडमिट झाल्यावर, शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकाकडून कळायचं. स्क्रू, रॉड, मॉनिटरिंग, ब्रेस यातलं योजनेत काय येतं आणि काय बाहेरून आणावं लागेल, ते ओपीडीच्या भिंतीवर मराठीत आणि हिंदीत लावा. समाजसेवा विभागाची चिठ्ठी तारीख देतानाच हातात द्या, म्हणजे सिद्धिविनायक न्यास, मुख्यमंत्री सहायता निधी वगैरेंचे अर्ज थांबलेल्या महिन्यांत होऊन जातात. ऐन ॲडमिशनच्या दिवशी वडील कागद घेऊन मंत्रालयाच्या फेऱ्या मारत असतात आणि सही मिळेपर्यंत टेबल दुसऱ्याला गेलेलं असतं.

एक मात्र सांगायचं राहिलं. कन्सेंटवर सही बापाची असते, पण बोला मुलीशी. वडील विचारतात, ‘लग्नाचं काय?’ आई विचारते, ‘बाळंतपण होईल ना?’ होतं, फक्त कंबरेत खालपर्यंत जोडलेलं असेल तर कण्यातली भूल द्यायला अवघड जातं, म्हणून भूलतज्ज्ञाला आधी सांगावं लागतं. मुलगी यातलं काहीच विचारत नाही. तिला विचारा ती काय करते. एक भरतनाट्यम शिकत होती. तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि तिने वॉर्डात मला विचारलं की अरमंडी, म्हणजे नाचातली गुडघे वाकवून अर्धी बैठक, बसता येईल का. मी तिला सरांना स्वतः विचारायला लावलं. सरांनी राउंड थांबवून तिचा एक्स-रे पुन्हा दिव्यावर लावला. कुठे थांबायचं यावर त्या दिवशी त्यांनी आणखी विचार केला, असं मला तरी दिसलं.

रजिस्टरात तीन रकाने वाढवायचे आहेत: पाळी कधी आली, रिसर, सँडर्स. त्याला निविदा लागत नाही. तारीख रद्द झाली तर नवी तारीख त्याच दिवशी केसपेपरवर लिहून द्या, ‘फोन करू’ म्हणून पाठवू नका. या घरांतले फोन नंबर दर रिचार्जला बदलतात. आणि शाळा जूनमध्ये उघडतात. त्याआधी परिपत्रक निघालं आणि शाळेच्या नर्सना एका दुपारचं प्रशिक्षण मिळालं तर पाचवी-सातवीच्या मुली याच वर्षी तपासून होतील. प्रशिक्षणाला माणूस कमी पडला तर मला बोलवा, मानधन नको.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, ऑर्थो वॉर्ड
मुंबई